युक्रेन युद्धाची बातमी कुणाकडून घ्यावी?

एका महाविद्यालयाच्या वादविवाद संघाची तयारी करून घ्यायला मी अधूनमधून जातो. या वेळचा विषय होता, 'युक्रेन युद्धाने युरोप दुबळा केला आहे'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या मुलाच्या वहीत जवळजवळ सगळे मुद्दे रशियाच्या सरकारी आरटी वाहिनीच्या क्लिपांमधले, आणि प्रतिकूल बोलणाऱ्या मुलीच्या वहीत सगळे बीबीसीचे. तयारी दोघांनीही मनापासून केली होती. पण दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर हे एकाच युद्धाबद्दल लिहिलंय असं कुणाला वाटलं नसतं. शेवटी मुलीने विचारलं, "सर, मग दोन्हींचं वाचून मधलं धरायचं का?"

मधलं धरायचं नाही. एवढं उत्तर मी तिथेच दिलं. कारण सांगायला मात्र वेळ पुरला नाही. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाचं विदेश पान सांभाळलं आहे. वृत्तसंस्थांकडून येणारा मजकूर मराठीत आणायचा, हेच काम. त्या कामातून एकच कसोटी मला भरवशाची वाटत आली आहे: हे माध्यम आपल्याच बाजूला अडचणीत आणणारी बातमी देतं का, आणि स्वतः चुकलं तर ते उघडपणे सांगतं का? पैसा कुणाचा, देश कुठला, हेही बघावंच, पण त्यानंतर. रोजचा अर्धा तास या युद्धासाठी देऊ शकणाऱ्या आणि तो कुठे द्यावा हे ठरवू पाहणाऱ्या वाचकासाठी मी ही तुलना मांडतोय.

बुचा: मधलं का धरायचं नाही

मार्च २०२२च्या अखेरीस रशियन सैन्य कीव्हच्या उत्तरेकडून मागे हटलं. एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बातमीदार बुचा गावात शिरले, आणि याब्लुन्स्का रस्त्यावर पडलेल्या नागरिकांच्या मृतदेहांची छायाचित्रं जगभर गेली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं होतं की हा सगळा बनाव आहे. आमचं सैन्य तिथे होतं तोवर एकाही नागरिकाला इजा झाली नाही. आरटी आणि स्पुटनिक ही रशियाची सरकारी वृत्तसंस्था यांनी तेच जसंच्या तसं चालवलं.

मग न्यूयॉर्क टाइम्सने मॅक्सर कंपनीची उपग्रह छायाचित्रं तपासली. त्याच रस्त्यावर, त्याच जागी, तेच काळे आकार मार्चच्या मध्यालाच दिसत होते. तेव्हा गाव रशियन ताब्यात होतं. पुढे बातमीदारांनी जखमींशी, शेजाऱ्यांशी, नातेवाइकांशी बोलून एकेका मृताचं नाव शोधलं. युक्रेनच्या अधिकाऱ्यांनी बुचात ४००हून जास्त मृतदेह मोजले.

इथे मध्य कुठे काढणार? अर्धे मृतदेह खरे धरणार का? एक बाजू पुरावा ठेवते आणि दुसरी नुसता इन्कार करते, तेव्हा मधोमध उभं राहणं म्हणजे इन्कार करणाऱ्याला निम्मं यश फुकट देणं. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली आपल्याकडे हे फार होतं, आणि मला ते मनापासून सलतं.

पाश्चात्त्य वृत्तसंस्था: पाया इथेच, पण डोळे मिटून नाही

रॉयटर्स, एपी, एएफपी आणि बीबीसी यांचे बातमीदार प्रत्यक्ष तिथे आहेत, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. मारिउपोलला वेढा पडला तेव्हा एपीचे मस्तिस्लाव चेर्नोव आणि येव्हगेनी मालोलेत्का तिथे थांबले. ९ मार्च २०२२ला प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडले, त्याची दृश्यं त्यांच्यामुळे जगाला दिसली. ते नसते तर रशियाचा 'बनाव' हा दावा खोडायला फारसं काही हाती राहिलं नसतं. त्या कामाला २०२३चं पुलित्झर मिळालं.

आता याच वृत्तसंस्थांच्या भरवशावर झालेली माझी स्वतःची चूक सांगतो. १५ नोव्हेंबर २०२२ची रात्र. पोलंडमध्ये युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोन जण गेले होते. आमची शहर आवृत्ती सुटायची वेळ. एका मोठ्या वृत्तसंस्थेची बातमी आली: रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये पडली. आधार एकच, नाव न सांगितलेला एक अमेरिकन गुप्तचर अधिकारी. पोलंड नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीत; म्हणजे तिसऱ्या महायुद्धाची शक्यता डोळ्यांसमोर. मी ती बातमी पहिल्या पानावर ठळक लावली. सकाळी वाचक तीच वाचत होते, तेव्हा बालीमध्ये असलेले अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन सांगून मोकळे झाले होते की क्षेपणास्त्र रशियातून सुटल्याची शक्यता कमी दिसते. पुढे पोलंड आणि नाटोनेही म्हटलं की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं होतं. त्या वृत्तसंस्थेने बातमी मागे घेतली, चूक जाहीर केली, संबंधित बातमीदाराची नोकरी गेली. तो अंक मी जपून ठेवला आहे. 'एका अधिकाऱ्याने नाव न सांगण्याच्या अटीवर' हे शब्द दिसले की तेव्हापासून मी एक दिवस थांबतो. तुम्हीही थांबा. पण एवढी मोठी बातमी सगळ्यांदेखत मागे घेणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास उलट टिकला.

पाश्चात्त्य माध्यमांचा खरा दोष खोटेपणाचा नाही, आशेच्या भरात वाहून जाण्याचा आहे. २०२३च्या उन्हाळ्यातलं युक्रेनचं प्रत्याक्रमण आठवा. लेपर्ड रणगाडे येणार, सैन्य अझोव समुद्रापर्यंत धडकणार, असं वसंतभर वाचायला मिळालं. प्रत्यक्षात मोहीम झापोरिझ्झियातल्या रोबोतिने गावाच्या आसपास अडली. नोव्हेंबरमध्ये सेनापती झालुझ्नी यांनीच कोंडी झाल्याचं कबूल केलं. अर्थात ती कबुलीही ब्रिटनच्या द इकॉनॉमिस्टमध्येच छापून आली. रशियावरच्या आर्थिक निर्बंधांचंही तसंच. एप्रिल २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी ८.५ टक्क्यांनी आक्रसेल असं म्हटलं होतं. घट झाली ती दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आरटीवाले हा आकडा आजही मिरवतात. ऑक्टोबर २०२४मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला, ते मात्र तितक्या उत्साहाने सांगत नाहीत.

नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनीचं प्रकरणही लक्षात ठेवा. २६ सप्टेंबर २०२२ला बाल्टिक समुद्रात स्फोट झाले, तेव्हा पश्चिमेत कित्येकांनी पहिलं बोट रशियाकडे दाखवलं. पुढे जर्मन तपास युक्रेनियन संशयितांपर्यंत पोचला, आणि ऑगस्ट २०२५मध्ये इटलीत एका युक्रेनियन माणसाला अटक झाली. हा धागा लावून धरणाऱ्यांत जर्मन आणि अमेरिकन वर्तमानपत्रंच पुढे होती. आपल्या बाजूला नको असलेली बातमी म्हणतात ती हीच.

रशियाचं म्हणणं ऐकायचंच, पण कुठे?

रशियाची बाजू वाचूच नये असं मी म्हणत नाही. वादविवादात उतरणाऱ्याने तर वाचलीच पाहिजे. प्रश्न आहे तो ती कुठे वाचायची याचा.

४ मार्च २०२२ला रशियाने कायदा केला: सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. खोटी कुठली हे सरकार ठरवणार. 'युद्ध' हा शब्दही चालत नव्हता, 'विशेष लष्करी मोहीम' म्हणायचं. एको मॉस्क्वी हे नामांकित रेडिओ केंद्र बंद झालं, दोझ्द वाहिनी थांबली, २०२१च्या शांतता नोबेलचे एक मानकरी दिमित्री मुरातोव यांच्या नोवाया गॅझेताने महिनाअखेर छपाई थांबवली. वॉल स्ट्रीट जर्नलचे इव्हान गेर्शकोविच मार्च २०२३मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले आणि १ ऑगस्ट २०२४च्या कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. अशा देशातल्या सरकारी वाहिनीने आपल्या सैन्याविरुद्ध एखादी बातमी द्यावी ही अपेक्षाच चुकीची. युरोपीय संघाने मार्च २०२२मध्ये आरटीवर बंदी घातली, ती मला तत्त्व म्हणून पटत नाही. पण बंदी चुकीची असली म्हणून बंदी घातलेलं माध्यम खरं ठरत नाही. डिसेंबर २०२५मध्ये पुतिन दिल्लीला आले तेव्हा आरटी इंडियाही सुरू झालं. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात आला आहे.

रशियाचं सरकार काय म्हणतं हे हवं असेल तर क्रेमलिनच्या संकेतस्थळावर पुतिन यांची भाषणं इंग्रजीत पूर्ण मिळतात. १२ जुलै २०२१चा रशियन आणि युक्रेनियन लोकांच्या ऐतिहासिक एकतेवरचा लेख आणि २४ फेब्रुवारी २०२२चं भाषण, दोन्ही मुळातून वाचा. आरटीच्या पन्नास क्लिपांनी जे कळणार नाही ते या दोन मजकुरांत आहे.

आणि रशियाच्या आत काय चाललंय हे हवं असेल तर परदेशात गेलेली रशियन माध्यमं वाचा. मेदुझा लॅटव्हियातल्या रीगाहून चालतं, इंग्रजीतही आहे. जानेवारी २०२३मध्ये रशियाने त्याला 'अनिष्ट संघटना' ठरवलं, म्हणजे रशियात राहून त्याचा दुवा पुढे पाठवणंही धोक्याचं. दुसरं मेदियाझोना. त्यांचं एक काम माझ्या मते या युद्धातल्या पत्रकारितेचा मानबिंदू आहे, आणि त्यासाठी जरा थांबावं लागेल.

मृतांचा आकडा: तिघांची तीन उत्तरं

रशियाचे किती सैनिक मेले? रशियाने शेवटचा आकडा दिला २१ सप्टेंबर २०२२ला. तत्कालीन संरक्षणमंत्री शोइगू म्हणाले, ५,९३७. त्यानंतर अधिकृत आकडाच नाही.

युक्रेनचं सैन्य रोज आकडा देतं. जून २०२५मध्ये त्याने १० लाखांची रेषा ओलांडली. पण यात ठार आणि जखमी एकत्र असतात. इंग्रजीतला 'लॉसेस' मराठीत येताना 'ठार' होऊन बसतो, आणि मथळा होतो 'दहा लाख रशियन सैनिक ठार'. विदेश पानावर काम करणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, कृपा करून हे थांबवा.

मेदियाझोना आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी वेगळी वाट धरली. गावोगावच्या श्रद्धांजलीच्या पोस्ट, स्थानिक वर्तमानपत्रं, दफनभूमीतल्या नव्या थडग्यांचे फोटो, वारसा हक्काच्या नोंदी, यांतून स्वयंसेवकांच्या मदतीने एकेक नाव गोळा केलं. २०२५मध्ये ही यादी एक लाख नावांच्या पुढे गेली. हा अंदाज नव्हे, नावानिशी मोजणी आहे, आणि प्रत्यक्ष संख्या यापेक्षा मोठी असणार हे ते स्वतःच सांगतात.

युक्रेनच्या बाजूलाही हीच कसोटी लावू. झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४मध्ये ३१ हजार आणि वर्षभराने सुमारे ४६ हजार सैनिक ठार झाल्याचं सांगितलं. बाहेरचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. लढणारं सरकार आपली हानी कमीच सांगणार. म्हणून कुठल्याही संरक्षण मंत्रालयाचा आकडा वहीत उतरवताना पुढे कोण म्हणतंय ते लिहाच.

युक्रेनची माध्यमं

२४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनच्या मोठ्या वाहिन्यांनी एकत्र बातम्या द्यायला सुरुवात केली, सरकारच्या आशीर्वादाने. पहिल्या महिन्यांत ते समजण्यासारखं होतं. पुढे ती सरकारची भलामण होऊ लागली, आणि युक्रेनियन लोकच तिच्यापासून दूर गेले. सुरुवातीच्या दंतकथाही इथूनच: अनेक रशियन विमानं पाडणारं 'कीव्हचं भूत' खोटं होतं हे एप्रिल २०२२अखेर खुद्द युक्रेनच्या वायुदलाने मान्य केलं, स्नेक बेटावर हुतात्मा झाल्याचं सांगितलेले सैनिक जिवंत, कैदेत निघाले.

पण छापील आणि ऑनलाइन पत्रकारितेचं चित्र पार निराळं आहे. जानेवारी २०२३मध्ये युरी निकोलोव या पत्रकाराने उघड केलं की सैन्यासाठी अंडी नगाला १७ रिव्निया (युक्रेनचं चलन) या भावाने घेतली जाताहेत. दुकानात त्यांचा भाव ७ रिव्नियाच्या आसपास होता. एका उपसंरक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं, सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री रेझ्निकोव यांनाही. डोक्यावर क्षेपणास्त्रं पडत असताना, 'आत्ता नको, शत्रूला फायदा होईल' असं सगळे म्हणत असताना ही बातमी देणं! जुलै २०२५मध्ये भ्रष्टाचारविरोधी संस्थांचे पंख छाटणारा कायदा झेलेन्स्की यांनी सही करून आणला, तेव्हाही उक्राइन्स्का प्राव्दा आणि कीव्ह इंडिपेंडंट ही वृत्तसंकेतस्थळं कडाडून विरोधात उभी राहिली, लोक रस्त्यावर आले आणि नऊ दिवसांत तो फिरवावा लागला. आघाडीवरच्या बातम्यांत ही माध्यमं आपल्या सैन्याकडे झुकतात, हे गृहीत धरा. घरातल्या कारभाराबद्दल मात्र यांच्याइतकं धाडस मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

नकाशांबद्दल थोडक्यात. डीपस्टेट हा युक्रेनियन नकाशा गमावलेली गावंही दाखवतो, म्हणून उपयोगी. वॉशिंग्टनची आयएसडब्ल्यू ही संस्था रोजचा सविस्तर अहवाल देते. भाषा रशियाविरोधी असते आणि संरक्षण कंपन्यांकडून तिला देणग्या मिळालेल्या आहेत, हे लक्षात ठेवून वाचावा. पण नकाशा रोज बघायची गरज नाही. अवदीव्का फेब्रुवारी २०२४मध्ये पडलं. तिथून पोक्रोव्स्क ४० किलोमीटरच्या आसपास, आणि २०२५ संपत आलं तरी लढाई तिथेच होती. महिन्यातून एकदा पुरे.

आपली माध्यमं, आपले परिणाम

टीव्हीचं एका परिच्छेदात आटोपतो. मार्च २०२२च्या सुरुवातीला खारकिव्हमध्ये आपली मुलं अडकली होती. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी गोळीबारात गेलाही होता. तेव्हा 'भारतासाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवलं' ही बातमी देशभर फिरली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांनी ती चुकीची असल्याचं सांगितलं. आजही लग्नसमारंभात ती खरी म्हणून ऐकायला मिळते. २३ एप्रिल २०२२ला माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढावं लागलं. त्यात अणुहल्ल्याची भीती घालणाऱ्या खोट्या मथळ्यांचे दाखलेच दिले होते. एवढं पुरे.

मात्र युद्धाचे भूराजकीय परिणाम आपल्यावर कसे होतात, हे सांगायला रॉयटर्स-बीबीसी अपुरे पडतात. तिथे आपली इंग्रजी दैनिकंच लागतात. नोकरीच्या आमिषाने रशियाला नेऊन भारतीय तरुणांना आघाडीवर पाठवल्याची बातमी फेब्रुवारी २०२४मध्ये द हिंदूने काढली. सुरुवातीला फार कुणी मनावर घेतलं नाही. जानेवारी २०२५मध्ये सरकारनेच सांगितलं: अशी १२६ प्रकरणं, १२ मृत्यू. भारत-रशिया मैत्रीला न रुचणारी बातमी एका भारतीय दैनिकाने आणली, म्हणून कसोटीवर ते उतरलं.

तेलाची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. युद्धाआधी भारताच्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. पाश्चात्त्य अग्रलेख म्हणतात, भारत पुतिन यांच्या युद्धाला पैसा पुरवतो. आपल्या वाहिन्या म्हणतात, केवढी मुत्सद्देगिरी! पहिले हे दडवतात की त्याच तेलापासून भारतात बनलेलं डिझेल युरोपने वर्षानुवर्षं घेतलं. दुसरे हे दडवतात की जुलै २०२२ ते मार्च २०२४ मुंबईत पेट्रोल १०६ रुपयांवरच अडकून होतं. स्वस्त तेलाचा फायदा पंपावर उतरलाच नाही. आणि २७ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेने याच तेलाचं कारण देऊन जादा २५ टक्के शुल्क लावलं, एकूण ५० टक्के झालं, त्याची झळ कोळंबी, कपडे, हिरे यांच्या निर्यातदारांना बसली. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारी बातमी मला अर्थविषयक दैनिकांतच सापडली.

मराठीत वाचायचं तर बीबीसी मराठीचे समजावून सांगणारे लेख आणि दैनिकांच्या रविवार पुरवण्या यांवर भर द्या. रोजच्या विदेश पानाला जागाच फार कमी असते, हे मी त्या पानाचाच माणूस म्हणून सांगतो.

अर्धा तास कसा वाटायचा

रोज दहाच मिनिटं असतील तर रॉयटर्स किंवा एपी, आणि बाकी काही नको. वीस असतील तर त्यात मेदुझा किंवा कीव्ह इंडिपेंडंट, दिवसाआड एक. आठवड्याला एकदा भारतीय अर्थविषयक दैनिकातलं तेल-व्यापाराचं पान, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेचा मजकूर. प्रवक्ता कुठल्या प्रश्नाला बगल देतो तेही वाचण्यासारखं असतं. तुमचे नातेवाईक युरोपात शिकत किंवा नोकरीला असतील तर ते राहतात तिथलं स्थानिक वर्तमानपत्रही जोडा. वाहिन्यांवरची चर्चा आणि व्हॉट्सॲपवरच्या क्लिपा यांना शून्य मिनिटं.

त्या दोघा विद्यार्थ्यांना मी एक काम दिलं. मुलाने आरटी बाजूला ठेवून युरोप दुबळा झाल्याचा पुरावा फक्त युरोपीय माध्यमांतून काढायचा. मुलीने रशियाचं नुकसान फक्त रशियन लोकांनी लिहिलेल्या मजकुरातून. मुलाला पहिल्याच आठवड्यात जर्मन उद्योगांच्या वीजखर्चाच्या तक्रारी, कर्ज काढून होणारा शस्त्रखर्च आणि नाटोने जून २०२५मध्ये हेगला मान्य केलेलं पाच टक्के संरक्षणखर्चाचं ओझं असं बरंच सापडलं. मुलगी मेदियाझोनाची यादी घेऊन आली. यादीत वयंही आहेत. तिने विशीच्या आतली मोजायला घेतली होती, आणि मध्येच थांबली होती.